तीनशे कीफ्रेम्स एकदम हलवायच्या, तर आधी नेमकं काय हलवायचंय ते ठरवा

तुमची अडचण थोडक्यात अशी: आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिकेचा २० सेकंदांचा उभा व्हिडिओ केलाय. मजकुराचे चौदा लेअर, तोरणं-फुलं-पार्श्वभूमी धरून चाळीसेक. जवळपास सगळ्यांवर पोझिशन (जागा), स्केल (आकार) आणि ओपॅसिटीच्या (ठळक-फिकेपणाच्या) कीफ्रेम्स, म्हणजे ‘या वेळेला ही किंमत’ असं सांगणाऱ्या खुणा. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. नवरानवरीची नावं वाचायला वेळ पुरत नाही, अजून चार सेकंद ठेवा. आणि सगळा मजकूर थोडा वर घ्या, कारण स्टेटसला लावल्यावर खालची ओळ झाकली जाते. आता एकेक कीफ्रेम पकडून सरकवायची की सगळ्या एकदम बदलता येतात, हे तुम्हाला विचारायचंय.

एकदम बदलता येतात. पण कीफ्रेममध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी साठवलेल्या असतात: कधी, किती, आणि तिथे पोचायचं-निघायचं कसं. म्हणजे वेळ, किंमत आणि ईज. या तिन्हींची हत्यारं वेगळी आहेत. पार्टीची पहिली मागणी वेळेची आहे, दुसरी किमतीची. दोन्ही एकाच फटक्यात करायला गेलात की गोंधळ ठरलेला. आणि इतकी वर्षं हे काम करून माझं पक्कं मत झालंय की किंमत बदलायची असेल, तर निम्म्याहून अधिक वेळा कीफ्रेम्सना हात लावायची गरजच नसते.

सुरुवातीला फाइल मेनूतलं इन्क्रिमेंट अँड सेव्ह करा. नावापुढे पुढचा आकडा लागून नवी फाइल तयार होते, जुनी जशीच्या तशी राहते. अंडू आहे म्हणून हे टाळू नका. ढिगाने बदललेल्या कीफ्रेम्समधली चूक बऱ्याचदा अर्ध्या तासानंतर दिसते, तोवर पन्नास कामं पुढे गेलेली असतात. (खाली मी विंडोजची बटणं सांगतोय. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, ऑल्टच्या जागी ऑप्शन.)

आधी वेळ. सगळीकडे सांगितली जाणारी युक्ती ही: सगळे लेअर निवडा, यू दाबा, म्हणजे ज्यांच्यावर कीफ्रेम्स आहेत त्या सगळ्या प्रॉपर्टी उघडतात. मग कंट्रोल-ऑल्ट-ए दाबलं की दिसणाऱ्या सगळ्या कीफ्रेम्स निवडल्या जातात. आता ऑल्ट धरून सगळ्यात शेवटची कीफ्रेम उजवीकडे ओढा, सगळ्या प्रमाणात ताणल्या जातात. युक्ती बरोबर आहे, पण तुमच्या कामाला ती लावू नका.

का, ते हिशेबाने पाहा. २५ फ्रेमच्या हिशेबाने २० सेकंद म्हणजे ५०० फ्रेम, २४ सेकंद म्हणजे ६००. सगळं १.२ पट ताणलं. नाव आत येण्याची हालचाल १२ फ्रेमची होती, ती १४.४ फ्रेमची झाली. जे झटकन उमटत होतं ते ओघळल्यासारखं येतंय. शिवाय खाली सनई-चौघडा वाजतोय, तो ताणला गेलेला नाही. नाव ज्या ठोक्यावर उमटायचं तो ठोका आता आधीच येऊन गेला, आणि व्हिडिओ जितका पुढे जाईल तितका हा फरक वाढत जातो. हाताने चित्रं काढून ॲनिमेशन व्हायचं, तेव्हा मुख्य चित्रकार मोक्याची चित्रं काढायचा आणि मधली चित्रं मदतनीस भरायचे. आपली कीफ्रेम म्हणजे ती मोक्याची चित्रं. दोन मोक्याच्या चित्रांमधलं अंतर वाढलं की मधे भरायची चित्रंही वाढतात आणि हालचाल मंदावते. पार्टीला हालचाल मंद नकोय, नाव थांबायला हवंय. लांबवणं आणि सरकवणं यांतला हा फरक ओळखला की निम्मं काम झालं.

म्हणून असं करा. समजा नावं सहाव्या सेकंदाला येतात आणि अकराव्याला जातात. लेअर्सचे मनातल्या मनात तीन गट पाडा.

पहिला गट, जे लेअर अकराव्या सेकंदानंतरच सुरू होतात: मुहूर्त, स्थळ, निमंत्रक. यांच्या कीफ्रेम्सकडे बघूसुद्धा नका. सगळ्यांचे बार (टाइमलाइनवरच्या आडव्या पट्ट्या) एकत्र निवडा आणि चार सेकंद पुढे ओढा. बार सरकला की त्याच्या कीफ्रेम्स त्याच्याबरोबर जातात. ऑल्ट-पेजडाउनने निवडलेले लेअर एक फ्रेम पुढे जातात, शिफ्ट जोडलं तर दहा. म्हणजे १०० फ्रेमसाठी दहा वेळा. हाताने ओढण्यापेक्षा मला हे आवडतं, कारण मोजून होतं.

दुसरा गट, नावांचे लेअर. यांच्या आत येण्याच्या कीफ्रेम्स आहेत तिथेच राहायला हव्यात, फक्त बाहेर जाण्याच्या पुढे जायला हव्यात. यू दाबून उघडा, दहाव्या सेकंदाच्या पुढच्या रिकाम्या जागेत माउस दाबून चौकट ओढा, म्हणजे त्या टोकाच्या सगळ्या कीफ्रेम्स सगळ्या लेअर्सवर एकदम निवडल्या जातील. चौकट ओढायला सुरुवात करताना माउस कीफ्रेमवर पडू देऊ नका, नाहीतर निवडायच्या ऐवजी तीच सरकते. आता ऑल्ट-उजवा बाण म्हणजे एक फ्रेम, ऑल्ट-शिफ्ट-उजवा बाण म्हणजे दहा. पुन्हा दहा वेळा. किंवा प्लेहेड (आत्ताची वेळ दाखवणारी टाइमलाइनवरची उभी रेघ) हव्या त्या जागी उभा करा, निवडलेल्यांपैकी एक कीफ्रेम ओढायला लागा आणि ओढताना शिफ्ट धरा, ती प्लेहेडला चिकटते आणि बाकीच्या तेवढंच अंतर राखून मागून येतात. लेअरचा बार आधीच संपत असेल तर तोही वाढवावा लागेल: प्लेहेड नव्या शेवटावर ठेवून ऑल्ट आणि उजवा चौकोनी कंस.

तिसरा गट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत असणारे: पार्श्वभूमी, तोरण, समईची ज्योत. यांचे बार वाढवा आणि शेवटी काही फेड असेल तर तेवढ्याच कीफ्रेम्स पुढे न्या. पार्श्वभूमीवर संथ झूम असेल, तर तिथे मात्र ऑल्ट-ओढणी अगदी योग्य. वीस सेकंदांत होणारा झूम चोवीस सेकंदांत झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तरंगणाऱ्या पाकळ्या, फिरणारं चक्र, चढत जाणारे आकडे, अशा सलग चालणाऱ्या गोष्टींना ताणणं मानवतं. आत येणं, बाहेर जाणं, ठोक्यावर पडणं याला ते कधीच मानवत नाही.

या कामात दोनदा मोजायची गोष्ट एकच: ज्या लेअरचा बार सरकवला त्याच्या कीफ्रेम्स परत पकडू नका, अंतर दुप्पट होतं. आणि हे सगळं करण्याआधी कॉम्पोझिशन सेटिंग्जमध्ये लांबी २४ सेकंद करून घ्या. नावांचा भाग प्रीकॉम्पमध्ये, म्हणजे लेअर एकत्र बांधून केलेल्या पोटकॉम्पोझिशनमध्ये, असेल तर त्या प्रीकॉम्पची लांबीही, नाहीतर बाहेर बार वाढतच नाही आणि माणूस उगाच डोकं खाजवत बसतो.

अशा पत्रिका तुम्ही वारंवार करत असाल तर पुढच्या वेळेसाठी एक सांगतो. नावांचा तुकडा वेगळा प्रीकॉम्प ठेवा. त्यात वर्क एरिया (टाइमलाइनवर आखून घेतलेला कामाचा टप्पा) आत येण्याच्या भागावर लावा आणि कॉम्पोझिशन मेनूतल्या रिस्पॉन्सिव्ह डिझाइन - टाइममधून प्रोटेक्टेड रीजन तयार करा. तसंच बाहेर जाण्याच्या भागाचं. मग तो तुकडा कितीही लांब केलात तरी ही दोन टोकं जशीच्या तशी राहतात, फक्त मधला थांबा वाढतो. टेम्प्लेट बनवून प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्यांसाठी तर हे वरदान आहे.

आता दुसरी मागणी, सगळा मजकूर वर. इथे पोझिशनच्या एकाही कीफ्रेमला हात लावायचा नाही. लेअर मेनूतून नवा नल, म्हणजे व्हिडिओत न दिसणारा रिकामा लेअर, घ्या. १०८० बाय १९२० च्या कॉम्पमध्ये तो बरोबर मध्यावर येतो, म्हणजे ५४०, ९६० ला. मजकुराचे सगळे लेअर निवडा आणि त्यांपैकी कुठल्याही एकाच्या पेरेंटच्या (ज्याच्या मागून लेअर हलतो त्याच्या) रकान्यात हा नल निवडा, सगळ्यांना लागू होतो. नवी जोडणी झाली की पोझिशनचे आकडे एकदम वेगळे दिसायला लागतात, त्याने घाबरू नका. ते आता नलच्या हिशेबाने मोजले जाताहेत, पडद्यावर काहीच हललेलं नाही. आता नलच्या पोझिशनमधला दुसरा आकडा ९६० चा ९०० करा. आफ्टर इफेक्ट्समध्ये उभा आकडा खाली वाढत जातो, म्हणून वर जायला कमी करायचा. चौदा लेअर ६० पिक्सेल वर गेले. उद्या पार्टी म्हणाली की थोडं जास्तच वर गेलं, तर एक आकडा बदलायचा.

एखादा मजकूर आधीच दुसऱ्या कशाला जोडलेला असेल, समजा नावाखालची नक्षी नावाला जोडलेली आहे, तर नक्षीला वेगळं नलला जोडू नका. नाव वर गेलं की ती आपोआप जाते. आणि पेरेंटकडून पोझिशन, स्केल, रोटेशन उतरतं, ओपॅसिटी उतरत नाही. सगळा गट एकत्र फिका करायचा असेल तर प्रीकॉम्प करा आणि त्याची ओपॅसिटी बदला.

एकाच लेअरवर अनेक कीफ्रेम्सच्या किमती बदलायच्या असतील तर मात्र थेट करता येतं. ही गोष्ट फार थोड्या लोकांना नीट माहीत असते. प्रॉपर्टीच्या नावावर क्लिक केलं की तिच्या सगळ्या कीफ्रेम्स निवडल्या जातात. मग प्लेहेड निवडलेल्यांपैकी एखाद्या कीफ्रेमवर नेमका उभा करा. आता आकडा माउसने ओढून बदललात तर सगळ्या कीफ्रेम्स तेवढ्याच फरकाने बदलतात: ९०, १००, ११० होत्या त्या १००, ११०, १२० होतील. पण तोच आकडा टाइप केलात तर सगळ्या त्या एकाच किमतीच्या होतात, आणि ॲनिमेशन सपाट. एकच प्रॉपर्टी, एकच निवड. ओढणं आणि टाइप करणं यांचे परिणाम अगदी वेगळे. दोन्ही कामाचे आहेत, फक्त आपण कुठलं करतोय याचं भान हवं.

आणि प्लेहेड नेमका कीफ्रेमवर नसेल तर? मग निवडलेल्यांपैकी एकही बदलत नाही, प्लेहेड जिथे असेल तिथे नवीच कीफ्रेम तयार होते. माझ्या एका कामात हे घडलं होतं. एका मोठ्या समारंभाची ध्वनिचित्रफीत होती, मान्यवरांच्या नावांच्या तीसेक पट्ट्या. घाईत प्लेहेड एक फ्रेम अलीकडे राहिला आणि मी स्केल ओढलं. स्थिर चित्रात सगळं बरोबर दिसत होतं. रेंडर झाल्यावर मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा प्रत्येक पट्टी शेवटी एका फ्रेमपुरती मोठी होऊन परत लहान होत होती, एक सूक्ष्म झटका. रात्री दोनला सगळं परत रेंडर केलं. त्या दिवसापासून प्लेहेड ओढताना मी शिफ्ट धरतोच. शिफ्ट धरलं की तो कीफ्रेमला चिकटतो. फाइलचा फ्रेम रेट मधेच बदलला असेल, समजा ३० चा २५ केला, तर जास्त जपा. कीफ्रेम्स आपल्या मूळ वेळेवरच राहतात आणि काही दोन फ्रेमच्या मधे जाऊन बसतात. प्लेहेड त्यावर आहे असं वाटतं, पण नसतो.

किमती ठरावीक अंतराने सरकवायच्या नसून टक्क्यांत कमी-जास्त करायच्या असतील, म्हणजे सगळी उसळी थोडी कमी करा असं कुणी म्हणालं, तर दोन मार्ग. ग्राफ एडिटर उघडा, अनेक कीफ्रेम्स निवडल्या की त्यांच्याभोवती चौकट येते, तिची कड ओढून सगळ्या किमती एकत्र दाबता येतात. पोझिशनचं हे करायचं असेल तर आधी तिचे एक्स आणि वाय वेगळे करावे लागतात. दुसरा मार्ग एक्स्प्रेशनचा, म्हणजे प्रॉपर्टीला लिहून दिलेल्या छोट्या सूत्राचा. नलवर स्लायडर कंट्रोल लावा, आणि प्रॉपर्टीच्या घड्याळावर ऑल्ट-क्लिक करून तिथे कीफ्रेमची मूळ किंमत गुणिले स्लायडर भागिले शंभर असं लिहा. मूळ किंमत म्हणजे एक्स्प्रेशनमधला ‘व्हॅल्यू’ हा शब्द. खालच्या कीफ्रेम्स शाबूत राहतात आणि वर जणू पाण्याचा नळ बसतो, हवा तसा सोडायचा. रोटेशनसारख्या एका आकड्याच्या प्रॉपर्टीला हे झटपट बसतं. मूळ किंमत १०० च्या आसपास असलेल्या स्केलला मात्र नुसता गुणाकार केलात तर उसळीबरोबर मजकूरच लहान होतो. तिथे शंभरपासूनचा फरक तेवढा गुणायचा आणि शंभर परत मिळवायचे.

ट्रॅकिंगमधून, म्हणजे चित्रातल्या हलत्या वस्तूचा माग काढून, आलेल्या कीफ्रेम्सची गोष्ट वेगळी. तिथे फ्रेमगणिक एक कीफ्रेम असते, दहा सेकंदांत अडीचशे. त्या हाताने दुरुस्त करायच्या नसतात. ट्रॅकला चिकटवलेलं नाव थोडं बाजूला हवंय तर त्याचा अँकर पॉइंट उलट दिशेने सरकवा, पोझिशनच्या अडीचशे कीफ्रेम्स तशाच राहतात. मात्र अँकर हलला की फिरण्याचा आणि मोठं होण्याचा मध्यही हलतो. नाव फिरत असेल तर ट्रॅक नलवर घ्या आणि नाव नलला जोडा. ट्रॅक थरथरत असेल तर स्मूदर नावाचं पॅनेल कीफ्रेम्स कमी करून देतं.

ईजबद्दल एवढंच म्हणेन: सगळं निवडून एफ९ दाबायची सवय सोडा. एफ९ दाबलं की त्या कीफ्रेमवर वेग शून्यावर येतो. दोनच कीफ्रेम्स असतील तर उत्तम. पण पाकळी चार-पाच कीफ्रेम्समधून वळणावळणाने खाली येत असेल, तर प्रत्येक वळणावर ती थबकते, जिना उतरल्यासारखी. पहिल्या आणि शेवटच्या कीफ्रेमला एफ९ द्या. मधल्या निवडून उजव्या क्लिकमधून रोव्ह अक्रॉस टाइम लावा, म्हणजे सॉफ्टवेअर त्यांची वेळ स्वतः ठरवतं आणि वेग एकसंध राहतो. रोव्हिंगचा आणखी एक फायदा म्हणजे नंतर शेवटची कीफ्रेम सरकवली की मधल्या आपोआप जागा घेतात.

तुमच्यापैकी काहीजण हेच प्रीमिअरमध्ये करत असतील. तिथे इफेक्ट कंट्रोल्समध्ये चौकट ओढून कीफ्रेम्सची वेळ सरकवता येते, पेस्ट ॲट्रिब्यूट्समध्ये वेळेचं प्रमाण राखायचा पर्यायही मिळतो, पण किमतींसाठी मी कीफ्रेम्सच्या वाटेला जात नाही. क्लिप नेस्ट करून (वेगळ्या सीक्वेन्समध्ये बांधून) नेस्टची पोझिशन बदलणं सोपं. त्याच क्लिपवर ट्रान्सफॉर्म इफेक्ट लावूनही होतं, पण मोशनचा (क्लिपच्या स्वतःच्या पोझिशन-स्केलचा) हिशेब इफेक्ट्सच्या नंतर होतो. मोशनमध्ये स्केल ५० असेल तर ट्रान्सफॉर्ममधले १०० पिक्सेल पडद्यावर ५० च दिसतात. दाविंचीच्या फ्यूजनमध्ये स्प्लाइन एडिटर उत्तम आहे: कीफ्रेम्स निवडून खालच्या आकड्यांच्या रकान्यात ऑफसेट की स्केल ते निवडायचं आणि आकडा द्यायचा. ब्लेंडरच्या डोप शीटमध्ये जी ने सरकतं आणि एस ने ताणलं जातं, तेही प्लेहेडपासून, म्हणून प्लेहेड आधी नीट ठेवा. ताणल्यावर कीफ्रेम्स फ्रेमच्या अधेमधे पडतात, त्या जवळच्या फ्रेमला स्नॅप करून घ्या.

पुढच्या पत्रिकेत मजकुराचे चौदा लेअरच करू नका, हे मनापासून सांगतो. एक परिच्छेद एका टेक्स्ट लेअरमध्ये घ्या, त्याला ॲनिमेटर लावा आणि रेंज सिलेक्टरच्या दोन कीफ्रेम्समध्ये सगळ्या ओळी एकामागून एक आणा. जिथे साठ कीफ्रेम्स होत्या तिथे दोन राहतात. बेस्ड ऑनमध्ये अक्षरांऐवजी शब्द किंवा ओळी निवडा. अक्षरावर ठेवलं तर देवनागरीत काना-मात्रा मूळ अक्षरापासून सुटून वेगळ्या येऊ शकतात, आणि नवरीच्या नावाची वेलांटी हवेत एकटी तरंगताना कुणालाच बघवत नाही.

आता तुमच्या हातातल्या फाइलमध्ये नल लावून मजकूर वर घेतलात की दोन जागा डोळ्यांनी तपासा. नाव मॅटमधून (नाव कुठे दिसायचं ते ठरवणाऱ्या आकारातून) उमटत असेल तर मॅटचा लेअरही नलला जोडलाय ना, ते पाहा. नाव वर गेलं आणि मॅट जागीच राहिला तर आधी वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात, आणि घाईत ते दिसतही नाही. दुसरी जागा म्हणजे नावांचा सोनेरी रंग. तो ग्रेडियंट रॅम्पने (एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा देणाऱ्या इफेक्टने) दिला असेल तर टेक्स्ट लेअरवर तो इफेक्ट जागा बदलल्यानंतर लागतो, म्हणजे अक्षरं ६० पिक्सेल वर गेली तरी सोनेरी छटा जुन्याच जागी राहते आणि नाव खालच्या गडद रंगापर्यंत पोचतच नाही. रॅम्पच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन्ही बिंदूंचे उभे आकडे ६० ने कमी करा, छटा परत अक्षरांवर बसेल.